समोरची काच

१

मनकर्णाबाईला जीपनं उडवलं ते डिसेंबरच्या बावीस तारखेला, संध्याकाळी सव्वापाचला. साल एकोणनव्वद. भाड्यानं जीपगाड्या चालवणाऱ्या काकासाहेबांची जीप अजिंठ्याहून औरंगाबादकडे येत होती. फाट्याच्या वळणाजवळ डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली बाई रस्त्याच्या कडेनं चालली होती. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तो ती पडल्यानंतर. जीपमध्ये सहा प्रवासी होते. पुढं डावीकडं बसलेल्या दोघांनी पोलिसांना एकच सांगितलं, की बाई दुरून दिसत होती, आम्हांला वाटलं ड्रायव्हरलाही दिसतेय.

मी तेव्हा विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचो. लोक सर्व्हेअर म्हणत. सव्वीस वर्षं तेच काम केल्यानं मोडक्या गाड्यांचं काही वाटेनासं झालं होतं. त्या महिन्यात टेबलावर एकोणीस फायली पडून होत्या आणि उजवा गुडघा वाकत नव्हता. तरी पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन जीप बघणं भाग होतं.

फौजदार गवारे मला जीपपाशी घेऊन गेले. "पाटोदेकर साहेब, आधी काच बघा. मग बोलू."

समोरच्या काचेवर, ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं, जेवणाच्या ताटाएवढी जागा दुधाळ झाली होती. तिथं हजारो बारीक रेघा होत्या, गोल गोल फिरवलेल्या. बाहेरूनही होत्या, आतूनही. संध्याकाळचा सूर्य अशा काचेवर आला की प्रत्येक रेघ पेटते आणि समोर पांढऱ्या पडद्याशिवाय काही उरत नाही. डावीकडची अर्धी काच मात्र स्वच्छ होती.

"वायपरनं झालं असेल," गवारेंचा शिपाई म्हणाला.

"वायपरच्या रेघा कमानीसारख्या असतात, आणि फक्त बाहेरून," मी म्हणालो. "हे हातानं घासलंय."

"मीही तेच म्हणतो." गवारेंनी आवाज खाली आणला. "ही काच अपघाताच्या सत्तावीस दिवस आधी नवी बसवलीय. सत्तावीस दिवसांत नव्या काचेची अशी गत आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय. ड्रायव्हर पुंजारामनं जबाबात नावही दिलंय. गाड्या धुणारा बद्रीनाथ. महिन्यापूर्वी कामावरून काढला होता. जाताना सगळ्यांदेखत ओरडून गेला, 'बघतो, कशी चालवता गाडी.' सकाळीच उचलला त्याला."

सत्तावीस दिवस ऐकून मी मनात तारीख मोजली. त्या काचेचा दावा माझ्याच टेबलावरून गेला होता. मिस्त्रीच्या चिठ्ठीवर 'जुनी काच घासलेली' असं होतं. मी जुनी काच बघायला गेलो नव्हतो. बसल्या जागी सही केली होती.

भिंतीच्या सावलीत एक माणूस उकिडवा बसला होता, मनकर्णाबाईचा नवरा सांडू. रोज सकाळी गावाहून यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. मी जवळून गेलो तसा उठला.

"साहेब, काचेनं मारलं म्हणत्यात तिला. काच काय माणूस मारती व्हय?"

मी कोठडीकडं गेलो. गजांमागं चाळिशीचा एक बारका माणूस उभा होता. मी काही विचारायच्या आधीच तो बोलला.

"साहेब, ज्या काचेपायी मला धरलं, ती काच म्या कधी पाह्यलीबी नाय."

२

"नीट सांग," मी म्हणालो. गवारेंनी मला बसायला स्टूल दिलं.

"ज्या दिशी नवी काच बसवली, त्याच दिशी मला काढलं. जीप मिस्त्रीकडं गेली आन् मी घरी गेलो. त्याच्यानंतर मालकाच्या आवारात पाऊल नाय टाकलं."

"काढलं कशासाठी?"

बद्रीनाथनं गजाला कपाळ टेकवलं. "काचेपायीच. पुंजारामकाका रोज वरडायचे, काच नीट धूत नाय म्हणून. म्या लख्ख पुसायचो. आरपार दिसायचं. तरी म्हणायचे, घाण हाय, परत पूस. तीन-तीनदा पुसायला लावायचे. मग एक दिवस मालकाला म्हणाले, या बद्रीनं वाळूच्या फडक्यानं काच खरवडून टाकली. झालं. आठ वर्षांचं काम गेलं."

"तू खरवडली होतीस?"

"मी आधी पाणी सोडतो, साहेब. धूळ व्हावून गेल्याशिवाय फडकं लावत नाय. माझ्या बापानं शिकवलंय."

"आणि ती धमकी?"

"रागाच्या भरात बोललो. नाय म्हणत नाय." मग तो माझ्याकडं बघत म्हणाला, "मला काचंवर राग काढायचा आसता तर दगड मारला आसता. गोल गोल घासत कशाला बसलो आसतो?"

हे मलाही जीपपाशीच खटकलं होतं. मी काचेवर नख फिरवून पाहिलं होतं. खोल ओरखडा असला की नख अडकतं. इथं कुठंच अडकलं नाही. द्वेषानं आलेला माणूस पॉलिश कागद घेऊन येईल, दोन मिनिटांत काच खरवडून जाईल. या रेघा केसासारख्या होत्या, एकीवर एक, थरावर थर. हे एका रात्रीचं काम नव्हतं. कुणीतरी सत्तावीस दिवस रोज त्या काचेपाशी येत होतं.

गवारे बाहेर आले तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत, पण पटल्यासारखंही वाटलं नाही.

"उद्या दुपारी याला कोर्टापुढं उभा करायचाय. सदोष मनुष्यवधाचं कलम लावतोय. तुमच्याकडं दुसरं नाव असेल तर त्याआधी सांगा."

३

काकासाहेबांचं ऑफिस गुलमंडीत, भावाच्या कापडदुकानाच्या वरच्या माडीवर होतं. गावाकडं साठ एकर जमीन, शहरात तीन जीपगाड्या. माणूस अदबीचा. माझ्यासाठी चहा मागवला, स्वतः घेतला नाही.

"एकोणीस वर्षं पुंजाराम माझ्याकडं आहे. कधी साधा ओरखडा नाही गाडीला. त्या बद्र्यानं घात केला हो."

"काच नवी होती हे नक्की? की जुनीच पुसून बसवली आणि पावती नवीची?"

ते दुखावले. "मिस्त्रीला विचारा. हमीद मिस्त्रीला."

"पुंजारामनं अलीकडं काही तक्रार केली होती?"

"तक्रार म्हणजे… काच. काचेशिवाय त्याला दुसरा विषयच नव्हता. चौमासा संपल्यापासून चाललंय. धूसर आहे, धूसर आहे. मी म्हटलं, बदला बाबा एकदाची."

"बदलल्यावर?"

काकासाहेबांनी खिडकीतून खाली बघितलं. "बदलल्यावर चार दिवस गप्प होता."

खाली रस्त्यावर त्यांचा दुसरा ड्रायव्हर कडूबा जीपला टेकून उभा होता. तिशीचा, बोलका. अपघातानंतर अजिंठ्याची फेरी त्याच्याकडं आली होती. ती फेरी सगळ्यांना हवी असायची, पाहुणे खूश झाले की बक्षिशी देत. त्यामुळं मी त्याच्याकडं जरा कडक नजरेनंच बघितलं.

"पुंजारामची जीप तू कधी चालवली होतीस?"

"एकदाच. नवी काच बसवल्यावर आठवडाभरानं. पुंजारामकाकांना ताप व्हता."

"काच कशी होती?"

"झकास! नवी ना. ड्रायव्हरसमोर जरा पुसल्याचा डाग व्हता, तळहाताएवढा. म्हटलं काका लई घासत्यात. पण दिसायचं सगळं." मग जीपला टेकलेला तो सरळ उभा राहिला. "साहेब, म्या काय केलं नाय. मला ती फेरी पायजे व्हती, हे खरं हाय. पण काका मला लेकरासारखं वागवायचे. दिवाळीपासून रातीचं भाडं आलं की मलाच द्यायचे. म्हणायचे, तू तरणा, तू जा."

"दिवाळीपासून?"

"व्हय. त्याच्याआधी रातीचं भाडं सोडायचे नाय कधी."

मी ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. रिक्षात बसताना गुडघा इतका ठणकला की परत घरी जावं असं वाटलं. पण रिक्षावाल्याला मी शहागंज सांगितलं.

४

हमीद मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना काचा उभ्या लावलेल्या. मधल्या बोळीतून आडवं होऊन जावं लागायचं. साठीचा माणूस, बोटांवर पांढऱ्या जखमांच्या खुणा.

"हौ साब, नवीच कांच होती. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आहे, जाऊन बघा. खोटं कशाला बोलू?"

"आणि जुनी?"

"जुनी इथंच आहे. टाकून देणार होतो, राहून गेली." त्यानं मागच्या भिंतीकडं बोट केलं, पण लगेच उठला नाही. "साब, एक गोष्ट सांगू? नवी कांच बसवली ना, चौथ्या रोजी पुंजाराम परत आला. म्हणाला, चाचा, हीपण धूसर आहे."

"चौथ्या दिवशी?"

"हौ. मी स्वतः त्याच्या सीटवर बसलो. पाण्यासारखी कांच! रस्त्याच्या पलीकडची पाटी वाचली. म्हटलं, मियाँ, कांच में कुछ नै है. तो म्हणाला, धूर बसलाय, राखेनं घासू का? मी हात जोडले. म्हटलं, राख नक्को, भांड्यांची पावडर नक्को, सुकं फडकं नक्को. आधी पाणी मारायचं, भरपूर. धूळ वाहू द्यायची. मग मऊ सुती फडकं, धुतलेलं, आणि वरून खाली सरळ. गोल गोल घासलं की एक कण सगळ्या कांचेवर फिरतो. त्यानं मान हलवली. पण ऐकल्यासारखं वाटलं नै."

मला वाटलं, काही ड्रायव्हर असतात असे चिकित्सक. मी जुनी काच दाखवायला सांगितली.

हमीदनं दोन काचा बाजूला सारल्या आणि तिसरी उजेडात ओढली. तिच्यावर धूळ होती. त्यानं पाणी ओतलं, फडक्यानं वरून खाली एकदा पुसलं आणि दाराच्या उजेडात उभी धरली.

उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं, ताटाएवढी जागा दुधाळ होती. त्याच गोल रेघा आतून आणि बाहेरून. जागा तीच, आकार तोच. पोलीस ठाण्यातली काच कुणी इथं आणून ठेवली असावी असं वाटावं इतकी सारखी.

महिन्यापूर्वी मी इथं येऊन हे बघायला हवं होतं. ऑफिसपासून हे दुकान दहा मिनिटांवर आहे.

बद्रीनाथनं दुसरी काच कधी धुतलीच नव्हती. पहिली काच असताना कडूबानं ती जीप कधी चालवली नव्हती. काकासाहेब स्वतः गाडीला हात लावत नसत. दोन्ही काचांपाशी रोज बसणारा माणूस एकच होता. आणि त्याच माणसानं बद्रीनाथचं नाव पोलिसांना दिलं होतं.

५

पुंजाराम जामिनावर घरी होता. हर्सूलच्या अलीकडं दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. मी दुपारी तीनला पोचलो. मनात राग होता, दमल्यामुळं आणखीच. मला वाटत होतं की या माणसानं स्वतःची चूक झाकायला एका गरिबाला कोठडीत बसवलंय.

वच्छलाबाई, त्याची बायको, दारात आली. "आत या, साहेब. ते बसल्यात. जेवत नायत चार दिस झाले."

पुंजाराम भिंतीला टेकून बसला होता. धिप्पाड माणूस, पण बसला होता असा की जणू अंगातली हाडं काढून घेतलीत. मी समोर बसलो.

"पुंजाराम, काच तुम्ही घासत होता."

"व्हय," तो लगेच म्हणाला. "घासत व्हतो. रोज घासत व्हतो. घाण व्हती तर घासू नको?"

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. "नव्या काचेवर कसली घाण?"

"मलाबी तेच कळंना. त्या बद्रीनं कायतरी लावलं असंल. तेल, मेण, कायतरी. रातच्याला येऊन लावत असंल. म्या सकाळी पुसायचो, साबणानं, राकेलनं, राखेनं. जरा वेळ बरं वाटायचं. पुन्हा धूर."

"आणि त्या दिवशी?"

"वळण घेतलं. सूर्य समोर आला. सगळं पांढरं झालं साहेब, भिंत उभी केल्यावानी. मग आवाज आला." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तिच्या भाऱ्यातला कडबा बोनेटवर पडला, तवा कळलं माणूस व्हतं."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. मी सव्वीस वर्षं ड्रायव्हरांची खोटी बोलणी ऐकली आहेत, त्यांचा सूर मला कळतो. मग माझा हिशेब कुठं चुकला?

तोंडावर पाणी मारावं म्हणून मी मोरीपाशी गेलो. भिंतीवर दाढीचा आरसा टांगलेला होता. त्यात मी बघितलं तर माझा चेहरा मला दिसेना. कडेनं कान दिसत होते, खांदे दिसत होते, मध्ये मात्र नुसता पांढरा धुरकटपणा. मी आरसा खिळ्यावरून काढला आणि उजेडात तिरका धरला.

गोल गोल बारीक रेघा.

"वच्छलाबाई, हा आरसा कुणी घासला?"

"तेच घासतेत, रोज. राखेनं. म्हणतेत, दाढी करताना दिसत नाय, आरसा आंधळा झाला. म्या म्हटलं दुसरा आणा. ताटंबी परत घासायला लावतेत, म्हणतेत तेलकट हायेत. दिवा लावला तर म्हणतेत दिव्याला खळं पडलंय, चंद्रावानी."

मी विचारल्यावर तिनं सांगितलं, बद्रीनाथ या घरात कधी आला नव्हता. कुणाचंच वैर या आरशापर्यंत पोचत नव्हतं.

मी आरसा परत टांगला. वच्छलाबाई आतल्या खोलीत चहा करायला गेली. मी काही न बोलता दारात जाऊन उभा राहिलो, पुंजारामच्या बरोबर समोर. पाठीमागून उतरतं ऊन आत येत होतं. आमच्यात सात-आठ हात अंतर असेल. मी पँट-शर्टातला, टक्कल पडलेला, उंच माणूस.

पुंजारामनं मान वर केली. डोळे बारीक केले. माझ्याकडं बघत राहिला.

"वच्छले," तो मला म्हणाला, "साहेबाला च्या दिला का?"

६

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही गवारेंच्या खोलीत बसलो. काकासाहेब आले होते, हमीद मिस्त्री जुनी काच हातगाडीवर घालून घेऊन आला होता. पुंजारामला वच्छलाबाईनं हाताला धरून आणलं. सकाळी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन डोळे दाखवले होते. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात पिकत आलेला. निदान वर्षभराचा. बद्रीनाथला कोठडीतून आणून दाराशी उभा केला होता.

मी डॉक्टरीणबाईंचा कागद गवारेंपुढं ठेवला आणि सुरुवातीपासून सांगितलं. काच खराब होण्याआधीच पुंजारामला धूसर दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू असा हळूहळू येतो की माणसाला डोळा बिघडतोय हे कळत नाही, बाहेरचं काहीतरी बिघडलंय असं वाटतं. ड्रायव्हर दिवसभर काचेतून बघतो, म्हणून त्याला काच बिघडली असं वाटलं. तो घासत गेला आणि पहिली काच खरोखर बिघडली. मग नवी बसवली. चौथ्या दिवशी तीही धूसर वाटली, आणि तेव्हा तर हमीद मिस्त्रीनं तिच्यातून पलीकडची पाटी वाचली होती. तो परत घासत गेला. समोरून दिवे आले की काही दिसत नव्हतं म्हणून दिवाळीपासून रात्रीची भाडी कडूबाला देत गेला. डाव्या बाजूच्या प्रवाशांना बाई दिसली, कारण त्यांच्यापुढची काच कुणी घासली नव्हती आणि त्यांचे डोळे चांगले होते.

"म्हणजे कुणी मुद्दाम केलं नाही," गवारे म्हणाले.

"नाही."

मग पुंजाराम पुढं झुकला.

"म्हंजी… काच चांगली व्हती?"

"नवी होती तेव्हा चांगली होती."

"आन् पयली?"

"तीही. तुम्ही घासेपर्यंत."

"आन् बद्री रोज पुसायचा, ते?"

"तो नीटच पुसत होता."

पुंजारामनं दाराकडं तोंड वळवलं. बद्रीनाथ तिथं उभा होता, पण पुंजारामची मान जरा भलत्याच दिशेला वळली होती. त्यानं हात जोडले ते रिकाम्या भिंतीला. बद्रीनाथनं ते बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, तो हळूहळू कुठंतरी निघून गेला आणि नुसता थकवा राहिला. दोन पावलं चालून तो पुंजारामच्या हातांसमोर येऊन उभा राहिला.

"इकडं हाय मी, काका," तो म्हणाला.

काकासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात पुंजारामच्या लायसनचं नूतनीकरण होतं. डोळे तपासल्याचा दाखला लागतो. लग्नसराईचा सीझन होता, गाडी बंद ठेवायची नव्हती. मी ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणवला. याला पाठवलाच नाही."

"नाव सांगा डॉक्टरचं," गवारे म्हणाले आणि पेन उघडलं.

मग माझी पाळी होती. कुणी विचारलं नव्हतं. न बोलता उठून गेलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "पहिली काच बदलली तेव्हा ती बघणं माझं काम होतं. मी बघितली नाही. बघितली असती तर विचारलं असतं की ही आतून कुणी घासली. ते माझ्या अहवालात येईल."

गवारेंनी माझ्याकडं बघितलं. "लिहायलाच पाहिजे असं काही नाही, साहेब. दोन वर्षांनी रिटायर होताय तुम्ही."

"लिहितो," मी म्हणालो.

बद्रीनाथला दुपारी सोडलं. काकासाहेब त्याला म्हणाले, "उद्यापासून ये कामावर."

"येतो," तो म्हणाला. "गाडी धुईन. काच तेवढी तुमच्या ड्रायव्हरांनाच धुऊ द्या."

बाहेर भिंतीच्या सावलीत सांडू बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो, गुडघा सरळ ठेवून, आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. कुणावर ओरडायचं ते त्याला कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं धोतर झटकलं आणि गाडी धरायला निघाला.

७

माझा अहवाल वर गेला. मला ताकीद मिळाली आणि एक वेतनवाढ थांबली. दाखला देणाऱ्या डॉक्टरची चौकशी बसली. पुंजारामवर हयगयीचा खटला उभा राहिला. त्यानं लायसन स्वतःहून जमा केलं. काकासाहेबांच्या दुसऱ्या ड्रायव्हरांनाही मग डोळे तपासायला धाडलं, कडूबा कुरकुरत गेला.

एप्रिलात पुंजाराम माझ्या ऑफिसात आला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, नाकावर जाड भिंगाचा चष्मा होता. खुर्चीवर बसला नाही.

"साहेब, माझ्यासंगं एका ठिकाणी यायचं का? एकट्याला जायाची हिंमत नाय."

कुठं ते मी विचारलं नाही. आम्ही एसटीनं गेलो. रस्ताभर तो खिडकीला डोळे लावून बसला होता. झाडं, पाट्या, शेतातली माणसं, सगळं बघत होता. फाट्यावर उतरून आम्ही अर्धा कोस चाललो.

सांडू घराच्या सावलीत दोरी वळत होता. त्यानं आम्हांला ओळखलं. उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. त्याची थोरली मुलगी आवडा पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

पुंजाराम जमिनीवर बसला.

"म्या तिला पाह्यलंच नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "तिच्या अंगावरून गाडी गेली आन् मला ती कशी दिसती ते ठावं नाय. आता दिसतंय, तर… तुमच्याकडं फोटो हाय का तिचा?"

मला वाटलं सांडू आता त्याला हाकलेल. सांडूनं दोरी खाली ठेवली. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात जत्रेत काढलेला एक फोटो होता. पडद्यावर रंगवलेला बंगला, त्यापुढं खुर्चीवर ताठ बसलेली मनकर्णाबाई, शेजारी उभा सांडू.

पुंजारामनं फोटो दोन्ही हातांत घेतला. चष्म्याच्या भिंगांमागं त्याचे डोळे मोठे दिसत होते.

"कपाळावर गोंदण हाय," तो म्हणाला.

"व्हय," सांडू म्हणाला. तो खाली वाकला आणि फोटोवर बोट ठेवलं. "हनुवटीवरबी हाय. हितं. नीट बघा."